पाहण्याचा अधिकार

अलीकडे आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी सुट्टी लागली की गळ्यात कॅमेरा अडकवून रानाची वाट धरतात. कोणी ताडोब्याला जातो, कोणी भिगवणच्या पाणथळीवर, तर कोणी ऐन पावसात आंबोलीला. निसर्ग आणि वन्यजीव यांच्या छायाचित्रणाच्या कार्यशाळा आता गावोगावी भरतात आणि त्यांचे शुल्कही थोडेथोडके नसते. आम्ही या वाटेने काही वर्षे हिंडलो असल्यामुळे मुलांचे आईवडील आमच्याकडे चौकशीला येतात. कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स किती लांब पल्ल्याची असावी, एवढे पैसे भरून वाघ दिसेलच ना, असे त्यांचे प्रश्न असतात. आम्ही जमेल तशी उत्तरे देतो. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर घराबाहेर पडण्यापूर्वीच शोधायला हवे, तो प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही तो कधी विचारला नव्हता.

व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगून टाकू. आपल्या कॅमेऱ्याची ओळख घरीच करून घ्यावी. अंगणातली मांजर आणि तारेवरचा कावळा यांच्यावर हात बसवावा. रानात पोहोचल्यावर बटणे शोधू लागणाऱ्याची पहिली सकाळ वाया जाते, आणि या कलेत सकाळ गेली की निम्मा दिवस गेला असेच समजावे. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा तासभर उजेड तिरपा आणि मऊ असतो. प्राणीही त्याच वेळी हिंडतात. निसर्गदृश्यासाठी ट्रायपॉड हवाच, कारण पहाटेच्या अंधुक प्रकाशात कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते. सफारीच्या गाडीत मात्र ट्रायपॉडला जागा नसते. तेथे धान्य भरलेली कापडी पिशवी गजावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणे सोयीचे. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि तो शिकवणार आहे की आपल्या खर्चाने स्वतःचीच छायाचित्रे काढणार आहे, हेही आधी विचारून घ्यावे. असो. या गोष्टी कोणीही सांगेल. आम्हांला सांगायचे आहे ते निराळेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिन्यात रायगड जिल्ह्यातील एका कार्यशाळेस आम्ही गेलो होतो. आकर्षण होते तिबोटी खंड्याचे. चिमणीएवढा हा पक्षी जांभळ्या, निळ्या आणि केशरी रंगांनी असा नटलेला असतो, की एकदा पाहिलेला माणूस त्याला विसरत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तो कोकणातल्या रानात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगद्यासारखे बीळ कोरून त्यात अंडी घालतो. पिल्ले बाहेर आली की नर आणि मादी दोघेही दिवसभर खेपा घालून त्यांना पाली, बेडूक, खेकडे भरवतात. अशाच एका घरट्यापासून काही पावलांवर संयोजकांनी हिरव्या कापडाचे लपण उभारले होते. बिळासमोर एक वाळकी फांदी रोवली होती. पक्षी तिच्यावर बसावा आणि मागचे रान अंधूक, एकरंगी दिसावे अशी योजना. एक लोंबती वेल मध्ये येत होती. ती काढता येईल का, असे विचारणारे आम्हीच होतो. वेल कापली गेली. बिळाचे तोंड उघडे पडले आणि आमच्यासाठी उजेड झाला.

पक्षी आला. चोचीत छोटीशी पाल होती. तो त्या फांदीवर बसला आणि बसूनच राहिला. लपणात आम्ही सातआठ जण. कॅमेऱ्यांचा आवाज थांबत नव्हता. पक्षी डोके वरखाली करी, उडून दूर जाई, पुन्हा त्याच फांदीवर येई, पण बिळात काही शिरेना. पाऊण तास हे चालले होते. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. एवढा वेळ, एवढ्या जवळून आणि चोचीत भक्ष्य धरलेला! शिक्षकही म्हणाले की, असे नशीब वर्षातून एखाद्याच तुकडीला लाभते.

त्यांतले एक छायाचित्र आम्ही मोठे करून घेतले. पुढे गावच्या प्रदर्शनात त्याला पहिले पारितोषिक मिळाले आणि ते घरच्या दिवाणखान्यात लागले. येणारा-जाणारा त्याची वाहवा करी. एके दिवशी आमच्या मावशी आल्या. शाळेची पायरी न चढलेल्या, सात लेकरे वाढवलेल्या. चष्मा पुसून त्यांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "घास तोंडात धरून ही बाहेर का बसली आहे रे?"

आम्ही म्हणालो, "मावशी, जवळच तिचं घरटं आहे. पिल्लांना भरवायला आणलाय तो घास."

"मग भरवत का नाही?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर होते. पण ते तोंडातून बाहेर पडेना. भरवत नव्हती, कारण समोर आम्ही बसलो होतो. चोचीत भक्ष्य धरून फांदीवर थांबलेला पक्षी म्हणजे घरात जायला भ्यालेला पक्षी. ज्याला आम्ही आमचे नशीब म्हणत होतो, ती त्या पिल्लांची उपासमार होती. आणि वेल कापून आम्ही उजेड मिळवला, तेव्हा सापाला आणि घोरपडीला त्या बिळाची वाट दाखवून दिली होती. पिल्ले पुढे जगली की नाही, याची आम्ही चौकशीदेखील केली नाही. हवे ते मिळाल्यावर आम्ही घरी परतलो होतो.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. एखादी गोष्ट सुंदर आहे एवढ्याने ती हवी तशी, हवी तितक्या जवळून पाहण्याचा अधिकार आपल्याला मिळतो काय?

कोणी म्हणेल, बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा नव्हे काय? हे म्हणणे अगदी खरे. इंग्रज अमदानीतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघ मारण्याऐवजी त्यांची छायाचित्रे टिपली आणि १९२७ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. जिम कॉर्बेट यांनीही पुढे बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला. हा मोठाच पालट होता. पण हत्यार बदलले म्हणजे हाव बदलतेच असे नाही. 'मला हवा, आजच हवा, शेजाऱ्यापेक्षा मोठा हवा' हा शिकाऱ्याचा मंत्र कॅमेरेवाल्याच्या मनातही बिनबोभाट राहू शकतो. आपल्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत केवळ मारणे येत नाही. जनावराला हाकणे, त्याला आमिष दाखवणे आणि पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही तीत येते. आम्ही वेल कापली तेव्हा बंदूक आमच्या हाती नव्हती, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छायाचित्रांनीच रानांविषयी लोकांच्या मनात प्रेम उत्पन्न केले, तेव्हा थोडा उपद्रव झाला तरी अंती हितच होते, असे पुष्कळ जण मानतात. या म्हणण्यात तथ्य आहे. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ साली अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्याची छायाचित्रे काढली. ती पूर्वेकडील लोकांनी पाहिली आणि १८६४ साली ते खोरे राखून ठेवणाऱ्या कायद्यावर लिंकन यांची सही झाली. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ साली काढलेल्या छायाचित्रांचा १८७२ च्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला हातभार लागला. परंतु त्या कड्यांना आणि धबधब्यांना वॉटकिन्स यांच्या कॅमेऱ्याने जागचे हलवले नव्हते. शिवाय हेतू चांगला असला म्हणून साधन चांगले ठरत नाही, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो आहोत. आणि मनाला हात घालून पाहिले, तर त्या लपणातल्या आम्हा सातआठ जणांपैकी किती जण रान वाचवायला बसले होते?

या बाबतीत माणसाची एक फसगत नेहमी होते. प्रत्येक जण फक्त स्वतःची गाडी मोजतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. ती दृश्ये सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेली माणसे काही क्रूर नसावीत. लेकरांना वाघ दाखवायला आलेली आपल्यासारखीच कुटुंबे त्यांत असतील. 'आमची एक गाडी पुढे गेली तर काय बिघडते?' एवढाच विचार प्रत्येकाने केला असेल. कासच्या पठारावरही हेच होते. २०१२ साली जागतिक वारसा स्थळांत गणल्या गेलेल्या त्या पठारावर एकाने फुलांत आडवे होऊन छायाचित्र काढले तर चार रोपे मोडतील. पण त्याच्यामागे हजार जण उभे असतात.

उपद्रवाचे आणखीही प्रकार आहेत आणि ते शिबिरांतून कौशल्य म्हणून शिकवले जातात. पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवली की तो धावून येतो. कारण आपल्या हद्दीत कोणी प्रतिस्पर्धी शिरला असे त्याला वाटते, आणि नसलेल्या शत्रूशी झुंजण्यात तो आपला वेळ व शक्ती दवडतो. आंबोलीच्या पावसात बेडूक उचलून शोभिवंत पानावर ठेवतात. बेडूक कातडीवाटे पाणी घेतो आणि काही अंशी श्वासही घेतो. आपल्या हाताला लागलेले डासांचे मलम त्याला विष ठरू शकते. शिवाय असे चित्र खोटेही असते. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या नामांकित स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र सर्वोत्तम ठरले. पण तो लांडगा बहुधा माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष काढून परीक्षकांनी जानेवारी २०१० मध्ये पुरस्कार काढून घेतला. त्याच स्पर्धेत २०१७ साली गौरवलेल्या एका चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले आणि एप्रिल २०१८ मध्ये तेही बाद झाले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. पण आम्हांला वाटते, प्राण्यावर केलेली बळजोरी आणि पाहणाऱ्याची केलेली फसवणूक या फार वेळा हातात हात घालूनच येतात. आमच्या पारितोषिकप्राप्त चित्राखाली 'वात्सल्य' असे नाव लिहिले होते. तेथे 'भीती' असे लिहायला हवे होते.

म्हणून आता कोणी सल्ला विचारायला आले, की आम्ही सांगतो : संयोजकांना वाघ दिसेल का, हे विचारू नका. विणीच्या हंगामात घरट्यावर नेता का, ते विचारा. नेत असतील तर जाऊ नका. आमिष ठेवता का, ध्वनिफिती वाजवता का, साप-बेडूक हाताळता का, फ्लॅश कधी वापरू देता, एका प्राण्याजवळ किती वेळ आणि किती जण थांबता, हे विचारा. अमुक चित्र मिळवून देण्याची हमी जो देतो, त्याच्यापासून सावध राहा. कारण रान कोणाला हमी देत नाही, तेव्हा ती हमी तो कोणाच्या तरी जिवावर देत असतो. आणि शेवटी एक विचारा : "कॅमेरा खाली ठेवा, असे तुम्ही आम्हांला कधी सांगाल?" या प्रश्नाला ज्याच्याकडे तत्काळ आणि सविस्तर उत्तर आहे, तो शिक्षक चांगला.

असे शिक्षक आहेत. पुढे एकदा एका गृहस्थांबरोबर आम्ही खाडीवर गेलो होतो. चिखलात टिपणाऱ्या पाखरांनी माना वर केल्या, तशी त्यांनी हाताने आम्हांला थांबवले. "त्यांनी खाणं सोडून आपल्याकडे पाहिलं, म्हणजे आपण फार पुढे आलो," ते म्हणाले आणि सर्वांना दहा पावले मागे घेऊन गेले. थोड्या वेळाने पाखरे पुन्हा टिपू लागली. त्या दिवसाची आमची छायाचित्रे लहान आणि साधी आहेत. पण त्यांतील प्रत्येक पाखरू आपापल्या कामात मग्न आहे, आणि आम्ही नसतो तरी ते तसेच असते.

मावशी आता नाहीत. ते चित्र मात्र आम्ही भिंतीवरून काढलेले नाही. कार्यशाळेला निघालेली मुले सल्ल्यासाठी घरी आली, की प्रथम त्यांना त्याच्यासमोर उभे करतो आणि मावशींनी आम्हांला विचारले तेच विचारतो. बहुतेक जण आधी रंगांची तारीफ करतात. मग थोड्या वेळाने एखादी मुलगी गप्प होते आणि विचारते, "काका, ही आत का जात नाही?" तिला मात्र आम्ही खुशाल जा म्हणून सांगतो.