तेराव्या गावचं पाणी

इश स्मिथ हे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. अमेरिकेतही तो कधी मोठ्या फलकांवर झळकला नाही. एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगमध्ये तो 13 वेगवेगळ्या संघांकडून खेळला, एवढीच त्याची मोठी नोंद. त्याच्याआधी कुणी 12 च्या पुढे गेलं नव्हतं.

2010 साली वेक फॉरेस्ट विद्यापीठातून तो बाहेर पडला, तेव्हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, संघांनी 60 खेळाडू निवडले. त्यांत तो नव्हता. उंची जेमतेम सहा फूट, म्हणजे त्या दुनियेत बुटकाच. लांबून नेम साधण्यातही फारसं नाव नाही. पायात वेग मात्र अफाट. ह्यूस्टनने त्याला घेतलं आणि काही महिन्यांतच मेम्फिसला देऊन टाकलं. मग गोल्डन स्टेट, ओरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी. ‘ट्रेड’मध्ये खेळाडूचं मत सहसा कुणी विचारत नाही. दोन संघांचं आपसांत ठरतं, फोन येतो, माणूस बॅग भरतो. बदलीची नोकरी आपल्यालाही नवी नाही. पण सरकारी बदलीत हुद्दा तरी सोबत येतो. इथे पहिल्या दिवसापासून जागा पुन्हा कमवायची.

त्यातून स्मिथ पॉइंट गार्ड. चेंडू पुढे नेणं आणि योग्य माणसाच्या हाती योग्य क्षणी देणं, हे त्याचं काम. एखाद्याला चेंडू छातीपाशी हवा असतो, एखाद्याला थेट रिंगच्या वर उंच. एक जण स्क्रीन लावून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून, लगेच आत धावतो, दुसरा मागे सरकून बाहेरूनच फेकतो. कोण दोनदा हुकला की हिरमुसतो आणि कुणाला तेव्हाच पुन्हा चेंडू द्यायला हवा, हे सगळं माहीत असावं लागतं. नवा संघ म्हणजे चार नव्या माणसांच्या सवयी, आणि त्याच जुन्या चालींची नवी नावं. नेमबाज आपला नेम सोबत घेऊन जातो. गार्डची निम्मी विद्या जुन्या सोबत्यांपाशीच राहून जाते.

फिलाडेल्फियाची गोष्ट म्हणूनच मला या विक्रमापेक्षा मोठी वाटते. 2015 च्या डिसेंबरात त्या संघाने 31 पैकी एकच सामना जिंकला होता. उंच, तरुण, गुणी पोरं होती. त्यांच्यापर्यंत चेंडू धड पोचवणारा कुणी नव्हता. तेव्हा त्यांनी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले निवडीचे दोन हक्क मोजून न्यू ऑर्लिन्सकडून स्मिथला आणलं. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या एप्रिलपर्यंत तो त्यांच्याकडेच खेळत होता! करार संपला म्हणून त्याला जाऊ दिलं होतं. परतल्यावर पहिल्याच सामन्यात संघ जिंकला, तोही त्याच्या जुन्या फिनिक्सविरुद्ध. उरलेल्या 51 सामन्यांत मिळून नऊ विजय आले. आकडा केविलवाणाच, पण आधीच्या महिन्यांशी ताडून पाहिला, की एका सहाफुटी माणसाची किंमत कळते. हंगाम संपल्यावर तो तिथूनही निघाला आणि डेट्रॉइटला जरा टेकला, तीन हंगाम.

एकाच संघाकडे आयुष्य काढणाऱ्यांचे आपण गोडवे गातो. कोबी ब्रायंट 20 हंगाम लेकर्स संघाचाच राहिला, हे खरंच. पण त्या निष्ठेला दुसरी बाजूही होती: लेकर्सनाही तो 20 वर्षं हवा होता. ज्याला ठेवून घ्यायला कुणी तयार नाही, त्याच्या निष्ठेचं माप कशाने काढायचं? मला ते परक्या संघात, जेमतेम ओळखीच्या माणसासाठी नेमका पास शोधण्याच्या त्या खटपटीत दिसतं. स्वतःच्या नावावर गुण चढत नसतानाही.

तेरावा संघ डेन्व्हर. 2023 मध्ये त्या संघाने मायामीला हरवून आपलं पहिलं एनबीए विजेतेपद मिळवलं. प्लेऑफमध्ये स्मिथ बहुतेक वेळ बाकावर होता, आणि यात हळहळण्यासारखं काही मला दिसत नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी विजेत्या संघाला तो आपल्यात हवा होता. पुढच्या हंगामात तो शार्लटकडून खेळला. ते त्याचं जन्मगाव, आणि तिथल्या संघात त्याची ती दुसरी खेप.