श्रवणयंत्राची बॅटरी कोण आणणार?

तालुक्याच्या गावी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी साहित्य वाटपाचे शिबिर झाले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मंडप, पाहुणे, ओळीने लावलेल्या तीनचाकी सायकली आणि पुढे बसवलेली मुले. या शिबिरांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ती नसती तर भंडारा जिल्ह्यात लाखांदूर किंवा पवनीकडच्या खेड्यातल्या मजुराच्या मुलाला श्रवणयंत्र कुठून मिळाले असते? मात्र पुढच्या जूनमध्ये ते यंत्र त्याच्या कानावर आहे की घरच्या ट्रंकेत, हे पाहायला कोणी जाते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कानामागे लावायच्या यंत्राची बॅटरी गुंडीएवढी असते. शाळेच्या दिवसांत रोज वापरली तर ती एक ते तीन आठवड्यांत संपते, आणि गावच्या किराणा दुकानात मिळत नाही. शिवाय मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो. कानात बसवायचा साचा तेवढाच राहतो. तो सैल झाला की यंत्र शिट्टी वाजवू लागते, वर्गातली पोरे हसतात आणि मूल ते काढून ठेवते. त्यात भंडाऱ्याचा पावसाळा. वर्षाला सरासरी तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमका अभ्यास सुरू होताना. दमट हवेत यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात.

यंत्र चालू असले तरी अडचण सुटतेच असे नाही. साधे यंत्र गुरुजींच्या आवाजाबरोबर शेजारच्या वर्गातले पाढे, बाकांची करकर आणि टिनाच्या छपरावरचा पाऊसही मोठा करते. गुरुजी चार पावले लांब गेले की त्यांचा आवाज क्षीण होतो, गलका तेवढाच राहतो. शिक्षकाच्या गळ्यात मायक्रोफोन अडकवून आवाज थेट यंत्रात पोचवण्याची सोय आहे, पण ती महाग. फुकटातही बरेच होते: मुलाला पुढे बसवणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे, खिडकीला पाठ करून उभे न राहणे, कारण मग चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. याला तंत्रज्ञान म्हणायचे का? मी तरी म्हणेन.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तके आणि योग्य सहायक साधने मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेलही आला. पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. सिकलसेल असलेल्या मुलाला यंत्र लागत नाही. तासाला केव्हाही पाणी प्यायची मुभा आणि दुखणे उठले तर गैरहजेरीचा बाऊ न करणे, एवढे लागते.

अंध विद्यार्थ्याचे प्रकरण वेगळेच. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर फुकट आहे, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच, आणि दोघांनाही मराठी वाचता येते. अडते कुठे? प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. डोळ्यांना ती मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि यंत्र तीच वाचते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्यायाचा नुसता फोटो आला तर टॉकबॅक बहुतेक गप्पच. युनिकोडमध्ये टाइप करायला एक रुपयाही जास्त लागत नाही. तरी ते होत नाही, याला गरिबी हे कारण देता येणार नाही.

न बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत जेलो हे चित्रे दाबून बोलायचे मोफत अ‍ॅप तयार झाले. त्यात मराठीही आहे. पण घरी इकडची झाडीबोली ऐकत वाढलेल्या मुलाला त्यातली प्रमाण मराठी परकी वाटू शकते. घरचे शब्द त्यात घालायला कोणीतरी आईजवळ बसले पाहिजे.

ते काम विशेष शिक्षकाचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरामागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर, म्हणजे शाळांच्या गटाच्या पातळीवर, विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांना मंजुरी दिली. म्हणजे एका केंद्राच्या सगळ्या शाळांना मिळून एक शिक्षक. तो एका शाळेत महिन्यातून किती वेळा पोचेल? उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकाकडेच असते, आणि श्रवणयंत्राची बॅटरी बदलायला त्यांना कोणी शिकवलेले नसते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रशाळेत बॅटऱ्यांची पाकिटे, यंत्र कोरडे ठेवायचे डबे आणि सायकलीच्या पंक्चरचे सामान असावे, वर्षातून एकदा साचा नव्याने घेतला जावा, आणि अहवालात वाटलेल्या यंत्रांऐवजी वर्षभरानंतरही वापरात असलेल्या यंत्रांची संख्या लिहिली जावी. खर्च इतका किरकोळ आहे की त्यासाठी निविदा निघणार नाही, मंडपही पडणार नाही. म्हणूनच तो कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही, अशी माझी शंका आहे.