प्रतिकृतीचे शील

'नक्कल' हा शब्द आपण बहुधा निंदेसाठीच योजतो. ज्याला स्वतःची प्रतिभा नाही तो दुसऱ्याचे गिरवीत बसतो, अशी आपली समजूत. परंतु युरोपातील तैलचित्रणाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती बऱ्याच अंशी थोरांच्या चित्रांच्या प्रतिकृती करूनच. तेव्हा दुसऱ्याच्या दृष्टीला असे शरण जाणे हा आत्मलोप मानावा की आत्मसंस्कार?

काराव्हाज्जोचे 'ख्रिस्ताचे दफन' हे चित्र घ्या. इ. स. १६०३च्या सुमारास रोममधील एका चर्चसाठी रंगविलेले हे चित्र आज व्हॅटिकनमध्ये आहे. उंची तीन मीटर, माणसे सहा. उजवीकडे वर उंचावलेल्या स्त्रीच्या हातांपासून खाली ख्रिस्ताच्या लोंबणाऱ्या हातापर्यंत शोक जणू पायरीपायरीने उतरत येतो. नवशिक्याला प्रथम दिसतात ते चेहरे. कुंचला हाती धरला म्हणजे मात्र त्याला उमगते की, येथील दुःख चेहऱ्यांपेक्षा भारात साठले आहे. पाय कवटाळून वाकलेल्या निकोदेमसाच्या शरीरात ते अधिक आहे.

माध्यमही त्याला उतावीळ होऊ देत नाही. गडद अस्तरावर आधी छायाप्रकाश मांडावा, मग रंग भरावेत, शेवटी पारदर्शक पातळ लेप द्यावेत. खालचा थर कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा, हा नियम मोडला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे भेगाळतो.

परंतु खरी कसोटी निराळीच. मनातून काढलेला हात वाकडा झाला, तर ती आपली 'शैली' आहे असे म्हणता येते. मूळ चित्र समोर असता ही पळवाट उरत नाही. डोळ्यांना जे दिसते ते सोडून मनाला जे ठाऊक आहे तेच आपण रेखाटीत होतो, हे ते चित्र मुकाट्याने दाखवून देते. प्रतिकृती शिकविते ती प्रथम सत्यनिष्ठा.

मग स्वत्वाचे काय? त्याचे उत्तर रूबेन्सच्या चरित्रात सापडते. याच 'दफना'वरून त्याने आपले एक चित्र केले, पण मांडणी बदलून. पुढे १६२८-२९ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असता, पन्नाशी उलटलेला हा चित्रकार माद्रिदला तिशियनच्या चित्रांपुढे विद्यार्थ्यासारखा बसला. 'आदम आणि ईव्ह'ची प्रतिकृती करताना त्याने आदमाची बैठक बदलली आणि झाडावर एक पोपट बसविला. तिशियन वारला १५७६ मध्ये, रूबेन्स जन्मला १५७७ मध्ये. त्यांची भेट झाली ती केवळ कॅनव्हासवर. आज दोन्ही चित्रे प्रादो संग्रहालयात आहेत आणि दोन हात निरनिराळे आहेत हे सहज ओळखू येते. शरण जाऊनही जे उरते, तेच स्वत्व. जे त्यात वाहून जाते ते बहुधा हट्टच असते.

प्रतिकृती करणारा आणि बनावट चित्र करणारा यांचे कौशल्य कदाचित सारखेच असेल. म्हणूनच पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्रतिकृती मूळ आकाराची करता येत नाही आणि मूळ चित्रकाराची सहीही उतरविता येत नाही. नियम दिसायला किरकोळ, पण मर्म अचूक धरणारा. दुसऱ्याचे घेणे हा दोष नव्हे. घेतलेले आपलेच म्हणून मिरविणे, हा दोष. ज्ञानाच्या कोणत्या क्षेत्रात आपण ऋणको नाही? तेव्हा शील पाहावे ते ऋण काढले की नाही यावरून नव्हे, तर ते मान्य केले की नाही यावरून.