व्हॉल्व्ह कोण उघडतो?

रक्ततपासणी यंत्रात व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणारा भाग वेगळा आणि तो प्रत्यक्ष उघडणारा भाग वेगळा. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, यंत्रात रक्त शोषणारी सुई, सिरिंज आणि नळ्यांवरचे व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने हलायचे, हे मायक्रोकंट्रोलर ही चिप ठरवते. पण तिच्या एका पायातून जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडच्या तांब्याच्या वेटोळ्याला 12 किंवा 24 व्होल्टवर शेकडो मिलिअँपिअर लागू शकतात. म्हणून दोघांच्या मध्ये मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर बसवतात. चिपचा इशारा मिळाला की तो विजेला वाट करून देतो, वेटोळ्यात चुंबकत्व येते आणि आतला लोखंडी दांडा स्प्रिंगला न जुमानता खेचला जातो. इशारा थांबला की चुंबकत्व ओसरते, पण निमूटपणे नव्हे: वेटोळ्यात साठलेल्या ऊर्जेमुळे व्होल्टेज उसळते, आणि तिला वळती वाट देणारा डायोड नसेल तर मॉस्फेट जळू शकतो.

या हालचालीचा कर्ता कोण, हा प्रश्न भारतीय दर्शनांना नवा नाही. दृष्टान्तसुद्धा तोच आहे. सांख्य दर्शनातला चेतन पुरुष स्वतः काही करत नाही, तरी लोहचुंबकाजवळ लोखंड हलावे तशी त्याच्या सान्निध्याने प्रकृती प्रवृत्त होते. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावर भाष्य करताना शंकराचार्यांनी यावर बोट ठेवले. पुरुषाचे सान्निध्य नित्य असेल तर प्रवृत्तीही कधी थांबणार नाही. आणि जड प्रकृती व उदासीन पुरुष यांना जोडणारे तिसरे तत्त्व तर सांख्य मानत नाहीत. सोलेनॉइडमध्ये लोखंड वेटोळ्याच्या सतत जवळच असते, तरी दांडा सतत खेचलेला राहत नाही. तिथे तिसरा आहे, तो मॉस्फेट.

मग मॉस्फेटलाच कर्ता म्हणावे का? इथे जैन विचार अधिक उपयोगी पडतो. जैन परिभाषेत जे स्वतः कार्यरूप होते ते उपादान, आणि जे त्या वेळी अनुकूल असते ते निमित्त. लोखंडी दांड्याच्या जागी पितळी दांडा घाला: तोच इशारा, तोच प्रवाह, पण व्हॉल्व्ह ढिम्म. म्हणजे खेचले जाण्याची योग्यता लोखंडाची. मॉस्फेट त्या योग्यतेला निमित्त होतो.

निमित्तातही भेद आहे. निशाण फडकवणारा वारा प्रेरक, तर माशाला पोहू देणारे पाणी उदासीन. पाणी माशाला ढकलत नाही. गतीला असे उदासीन साहाय्य करणाऱ्या द्रव्याला जैन दर्शन ‘धर्म’ म्हणते, स्थितीला साहाय्य करणाऱ्याला ‘अधर्म’; पुण्य-पापाशी या शब्दांचा इथे संबंध नाही. दांडा परत जागेवर आणणारी स्प्रिंग म्हणजे अधर्मद्रव्य, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते चुकेल. स्प्रिंग जोर लावते. अधर्मद्रव्य वाटसरूला झाडाच्या सावलीसारखे, थांबणाऱ्यालाच थांबू देते.

तरीही थांबण्याला कारण लागते, ही जाण मोलाची आहे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती अधांतरी असल्याची श्रद्धा आहे, म्हणून ती कशावर स्थिर आहे हा प्रश्न तिथे सुचतो. चौथऱ्यावरच्या मूर्तीबद्दल कोणी तो विचारत नाही. मॉस्फेट बसवलेला ड्रायव्हर बोर्ड बनवणाऱ्याला मात्र स्थितीचाही हिशेब ठेवावा लागतो. दांडा खेचायला भरपूर प्रवाह हवा, खेचलेला धरून ठेवायला बराच कमी पुरतो. तो कमी केला नाही, तर काहीही न हलवता वेटोळे तापत राहते.

सुई हलवणाऱ्या स्टेपर मोटरमध्ये स्थितीचा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. एका फेरीला साधारण 200 पावले, एक पाऊल 1.8 अंशांचे. साध्या रचनेत चिप फक्त पाठवलेले ठोके मोजते; आस खरोखर फिरला की अडकला, हे तिला कळत नाही. म्हणून आरंभी सुईची गाडी मूळ जागी नेतात. तिथे पत्र्याची एक पट्टी प्रकाशसंवेदकाचा किरण अडवते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. नमुना चालू असताना लाइट गेली आणि जोडीला यूपीएस नसला, तर मिटलेल्या स्थितीकडे परतणारे व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटतात, मोटर असेल तिथे थांबते आणि चिपची मोजणी बाद होते. मात्र विजेअभावी कोणता व्हॉल्व्ह मिटावा हे स्प्रिंगने ठरवलेले नसते. ते आराखडा करणाऱ्याने कधीच ठरवून ठेवलेले असते.

हुकलेल्या पावलामुळे रक्त कमी शोषले गेले आणि हिमोग्लोबिनचा आकडा चुकला, तर दोष कोणाचा? जैन आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ ग्रंथातील निश्चयदृष्टीने एक द्रव्य दुसऱ्या द्रव्याच्या परिणामाचे कर्ते नसते. घट होते ती माती, कुंभार नव्हे. या दृष्टीने चिप, मोटर, दांडा सारेच सुटतात. पण कुंभाराने घडा केला असे म्हणणारा व्यवहारनय, म्हणजे व्यवहाराची दृष्टीही, जैन विचार टाकून देत नाही. प्रयोगशाळा चालते ती त्याच नयाने: सकाळी आधी ज्ञात मूल्यांचे कंट्रोल रक्त चालवायचे, आकडा मर्यादेबाहेर गेला तर रुग्णांचे नमुने थांबवायचे, शंका आली तर नमुना पुन्हा लावायचा, आणि रिपोर्टखाली सही माणसाची.