माळेगावच्या खंडेराया

मल्हारी, माळेगावच्या खंडेराया, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुझं ठाणं आहे. रोज सकाळच्या एसट्या तुला हात जोडून पुढं जातात. त्यांत डबा मांडीवर घेतलेले गुरुजी असतात, बाई असतात. कुणी लोह्याला उतरणारं, कुणी कंधारकडं वळणारं, कुणी अहमदपूर-जळकोटपर्यंत जाणारं. त्यांतल्या नव्यानं लागलेल्यांसाठी आज तुझ्यापुढं पदर पसरते आहे.

तू सगळं जाणतोस, तरी मांडते. २००० सालाआधी जिल्हा परिषदेत लागलेल्या आम्हांला पहिल्या महिन्यापासून वेतनश्रेणी मिळाली. त्या साली सरकारनं तिजोरीवरचा भार हलका करायला शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, श्रेणी त्यानंतर. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढं त्याचे ६,००० झाले आणि कितीतरी वर्षं तिथंच थांबले. २०२३च्या जानेवारीपासून १६,००० झाले. तो दिवस दाखवलास, उपकार विसरत नाही. पण देवा, शेजारच्या वर्गावर श्रेणीत असलेल्या बाईंचं मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं; महागाई भत्ता, घरभाडं निराळं. वर्ग सारखेच, लेकरं सारखीच, खिचडीचा हिशेब आणि निवडणुकीची ड्यूटी दोघींनाही सारखीच. मग पगारातच एवढी दरी का? तिजोरीची अडचण म्हणून काढलेली ही वाट होती. त्यानंतर सहावा वेतन आयोग आला, सातवा आला. नव्या गुरुजींची तीन वर्षं मात्र तशीच कापली जात राहिली.

ही पोरं काय सोसून इथवर आली ते तू पाहिलंस. घरच्या सोयाबीनच्या पट्टीवर डी.एड. केलं. २०१२ साली भरती थांबली, ती वर्षानुवर्षं थांबलीच. मग टीईटी, मग २०१७च्या डिसेंबरातली अभियोग्यता चाचणी, मग भरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसणं. यादीत नाव येईपर्यंत कित्येकांची तिशी उलटली, लग्नं रखडली, आई-बाप थकले. आणि नोकरी लागली तीही बऱ्याच जणांना पालघरला, रत्नागिरीला. मानधनातून तिथलं खोलीभाडं द्यायचं, गावाकडं औषधाला पाठवायचं, सणाला यायचं म्हटलं तर गाडीभाड्याचाच विचार. घरच्यांना वाटतं, पोरगं सरकारी नोकरीत आहे. त्याला उसनं मागायची लाज वाटते. त्याची लाज राख, खंडेराया.

आणि हे नवे गुरुजी काम काय करतात, तेही पाहा. दिवाळी झाली की मुखेड, कंधारच्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात, तेव्हा दारोदार फिरून ‘लेकराला आजीपाशी ठेवा’ म्हणत विनवणारे तेच असतात. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी, कोलामी बोलणाऱ्या लेकराला पहिला मराठी शब्द तेच देतात. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं. त्यातून डॉक्टर झालेल्या मुलांतल्या कितीकांचा पहिला अक्षर-अंक वाडीवरच्या शाळेत गिरवला गेला असेल! निजामाविरुद्धचा लढा चालवणारे स्वामी रामानंद तीर्थही हिप्परग्याच्या शाळेत शिकवत होते. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनीही पीपल्स कॉलेजच्या आधी शाळेतच शिकवलं. मराठवाड्याला शहाणं केलं ते शाळामास्तरांनी. त्यांच्या वारसांना अर्ध्या भाकरीवर ठेवू नकोस.

वीस-चाळीस टक्के अनुदानाच्या शाळांवर झिजणारे, आझाद मैदानावर पावसात बसणारे, कॉलेजात तासांवर राबणारे, सगळेच माझ्या डोळ्यांपुढं आहेत. त्यांचं गाऱ्हाणं मोठं आहे, ते स्वतंत्र घेऊन येईन. त्यांनाही तोवर सांभाळ.

मंत्रालयात ज्यांच्या हातात शिक्षणसेवकांची ही फाईल आहे, त्यांना शिक्षा कर असं मागत नाही. त्यांचीही लेकरं कुठल्या तरी शाळेत जातात. त्यांना फक्त एवढी बुद्धी दे, की कागदावर आकडा मांडताना त्या आकड्यात महिना काढणारं घर त्यांना दिसावं. खर्च वाचवायचाच असेल तर तो आधी दुसरीकडं शोधावा.

मागणं नेमकं आहे, मल्हारी. नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी मिळू दे. ज्यांची तीन वर्षं चालू आहेत त्यांना ती पुरी होण्याची वाट पाहायला लावू नकोस. ज्यांची सरली, त्यांच्या पगारवाढीत ती वर्षं धरली जाऊ देत. आणि तसा शासन निर्णय निघेपर्यंत जे मानधन आहे ते महिन्याच्या महिन्याला, न अडकता, त्यांच्या खात्यात पडू दे.