शेऱ्याचा रकाना

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांना आरोग्यव्यवस्थेचा कणा म्हटले जाते. त्याच व्यवस्थेचे धोरण ठरवणाऱ्या बैठकीत मात्र त्यांची खुर्ची क्वचितच असते, आणि ही विसंगती दरवर्षी अधिक खटकते. नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सर्वांना ठाऊक आहे. परंतु क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्यांचा मोठा काळ आकडे आणि अहवाल यांतच गेला. भारतात कधीही न येता त्यांनी येथील लष्करी छावण्यांकडून प्रश्नावल्यांद्वारे पाणी, सांडपाणी, बराकी यांची माहिती मागवली, आणि १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाच्या १८६३ मधील अहवालाला तिचा आधार मिळाला.

येथे साक्ष आणि मत यांत भेद करणे आवश्यक आहे. जे पाहिले ते सांगणे ही साक्ष. त्यावरून काय करावे हे सांगणे म्हणजे मत. परिचारिकेकडून साक्ष नेहमीच मागितली जाते, मत क्वचित. केईएम रुग्णालयात अनेक वर्षे अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळताना त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे वादमित्र, म्हणजे स्वतः बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने बोलण्याचे अधिकारी, मानले. तेथे मताला मान मिळाला खरा, पण तो वर्षानुवर्षांच्या मायेमुळे; परिचर्येचे ज्ञान म्हणून त्याकडे पाहिले गेले, असे म्हणणे कठीण आहे.

ज्ञानाचा हा हक्क आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या चार गुणांत उपचारांची जाण पहिली येते. दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता त्यानंतर. त्याच ग्रंथात या चौघांमध्ये वैद्याला प्रधान मानले आहे, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कारण परिचारिकेला फक्त आपला वॉर्ड दिसतो, धोरणाला सर्वांगीण दृष्टी लागते आणि ती डॉक्टरकडे किंवा प्रशासकाकडे असते, असे म्हणणाऱ्यांना त्यातून बळ मिळू शकते. परंतु चरकांनी दिलेले प्राधान्य एका रोग्याच्या चिकित्सेपुरते आहे. किती खाटांमागे एक परिचारिका असावी, हा प्रश्न चिकित्सेचा नव्हे, आणि रात्रपाळीत तो जिला सोसावा लागतो तिला त्याचे उत्तर इतरांहून अधिक नेमके ठाऊक असते.

म्हणून प्रतिनिधित्व द्यावे आणि अभ्यासक्रमात धोरणशास्त्र आणावे, ही मागणी ओघाने येते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली, तरी त्याचा मुख्य भर शिक्षण, मूल्यमापन आणि नोंदणी यांवर आहे. मात्र उपकेंद्रातील नोंदवही उघडून पाहिली की ही मागणीही अपुरी वाटू लागते.

मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तेथील एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, गरोदर स्त्रीचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन ठरलेल्या रकान्यांत भरते आणि शेवटच्या अरुंद रकान्यात, शेऱ्यात, उरलेले सारे कोंबून लिहिते: ‘वाहन मिळाले नाही’, ‘सासूने पाठवले नाही’, ‘ऊसतोडीला गेली’. महिनाअखेरीस बेरीज होते ती आकड्यांची. शेऱ्यांची बेरीज होत नाही, म्हणून ते वहीतच राहतात. साक्ष वर जाते आणि मत खाली राहते, ते नेमके येथे. अशा स्थितीत एखादी परिचारिका बैठकीत बसवली, तरी तिच्यासमोर ठेवलेल्या कागदात तिच्या सहकारिणींचे शेरे नसतील, आणि तिलाही त्याच आकड्यांवर बोलावे लागेल.

तेव्हा तयारीची सुरुवात या रकान्यापासून व्हायला हवी. शेऱ्यांचे वर्गीकरण कसे करावे, समान कारणे कशी मोजावीत, हे परिचर्या महाविद्यालयात शिकवावे. आणि तालुका कार्यालयाने एकत्र केलेले आकडे उपकेंद्राला परत पाठवून त्यांचा अर्थ तेथील एएनएमला विचारावा. हे दुसरे काम अधिकाऱ्यांनी शिकायचे आहे, आणि तेच अधिक अवघड आहे. नाइटिंगेल यांनी सैनिकांचे मृत्यू कारणांप्रमाणे वेगळे केले, तेव्हा जखमांपेक्षा रोगांनी अधिक माणसे गेल्याचे उघड झाले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका तालुक्यात ‘वाहन मिळाले नाही’ हा शेरा किती वह्यांत, कोणत्या गावांपुढे लिहिला गेला, हे मोजायला एक दुपार पुरेल. आणि पुढच्या पावसाळ्यात रुग्णवाहिका कोठे उभी ठेवावी, हे त्या यादीवरून सांगता येईल.