पाचवी चिमणी



मे महिन्याच्या सुट्टीत मुले उशिरा उठतात आणि मोठी माणसे लोकल गाठायला धावतात. तेवढ्या वेळात आपल्या वसईच्या वाड्यांत बरेच काही घडून जाते. उंबरावर तांबट 'टुक टुक' करीत असतो. बावखलाच्या काठी खंड्या माशावर टपलेला असतो. ओल्या मातीवर फुलपाखरे उतरून क्षार शोषून घेत असतात. पाहायला मात्र कुणी नसते.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपले लक्ष पाखरांकडे वळवतो. त्यातून आपण 'चिंता करू नये' एवढाच बोध घेतो. पण प्रभूने आधी पाहायला सांगितले आहे, हे विसरतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन चिमण्या मिळतात, तर लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी फुकट! बाजारात जिला किंमत नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात चर्चच्या आवारातील कढीपत्त्यावर अळ्या पडल्या, म्हणून मी औषध मारायला सांगितले. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "फादर, त्यांचीच फुलपाखरे होतात ना?" मला उत्तर देता आले नाही. मिस्सामध्ये मी सृष्टिकर्त्याची स्तुती करीत होतो, पण त्याची निर्मिती मला दिसलीच नव्हती.

जे आपण पाहत नाही, ते नाहीसे झालेलेही आपल्याला कळत नाही. आपली कितीतरी बावखले अशीच बुजली. भराव टाकताना जमिनीचा भाव दिसला. खंड्याचे अन्न आणि आपल्याच विहिरीचे गोडे पाणी दिसले नाही. प्रत्येक जीवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात बजावले आहे.

या आठवड्यात एक सकाळ राखून ठेवा. मोबाइल घरी ठेवून मुला-नातवंडांसह निर्मळच्या तळ्याकाठी किंवा जवळच्या बावखलावर अर्धा तास शांत बसा. अंगणात सावलीला पाण्याचे मातीचे भांडे ठेवा. आणि घरात बावखल बुजवण्याचा विषय निघालाच, तर पाचव्या चिमणीची आठवण करा.

हे प्रभो, तू ज्यांना विसरत नाहीस, त्यांना पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.